घरटी दीड माणूस

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
सकाळीच चेतनचा फोन. रविवार पुरवणीचं पान तो लावतो. "तनुजा मॅडम, मथळा ठरला — 'घरटी दीड माणूस गेला कुठे?' कॉपी शुक्रवारी, प्लीज!"
ठीक. १९९१ला मुमताजने आणि मी येरवड्यातल्या माझ्या माहेरच्या गल्लीतली चाळीस घरं मोजली होती. तीच दिवाळीआधी पुन्हा मोजली. तेव्हा घरटी ५.३ माणसं, आता ३.८. लेख दोन दिवसांचं काम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
माळ्यावरून जुने फॉर्म काढले. कितीतरी फॉर्मवर चहाचे डाग. प्रत्येक घरात चहा व्हायचाच! मुमताज तेव्हा संख्याशास्त्रात एमएससी करत होती, मी नवी बातमीदार. मकसूदभाई दुकानातून ओरडायचे, "आल्या बघा सरकारच्या सुना!" वेणूबाई स्टोला पंप मारता मारता म्हणाल्या होत्या, "आमच्या महिपतीला धर गं. मस्कतला हाय, पण येतोय की."
आणि मी धरलं. शेऱ्यात माझंच अक्षर — 'मस्कतला, दोन वर्षं.' वर नियम छापलेला — गेले सहा महिने या घरात जेवणारी-झोपणारी माणसं.
पुढच्या फॉर्मवरही तेच. त्याच्या पुढच्याही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
मुमताज कोथरूडला माझ्याकडे आली. सगळे शेरे तपासले. अकरा घरांत अठरा माणसं जास्त. सगळी माझ्या वाट्याच्या घरांतली.
"आया मोजतात म्हणून तूही मोजायचंस?"
"तोंडावर नाही म्हणवलं नाही गं."
"म्हणजे दीडातला अर्धा माणूस तुझ्याच दप्तरात निघाला!"
खूप हसलो. मग तिने चष्मा काढला. "चूक छापलीस, दुरुस्तीही छाप. तेवढ्याच टायपात."
त्या ५.३ वर माझं नाव झालं. लोकांनी पुस्तकांत उतरवून घेतलाय तो आकडा.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
चेतनला सांगितलं. "म्हणजे घट एकाचीच? मॅडम, मथळाच गेला! आणि १९९१चं आता कोण तपासतंय?"
मी, म्हटलं. लेख पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
एक फॉर्म निसटला होता. सतरा नंबर. त्यावर शेराच नाही. आईचं घर. माणसं दोन — दुर्गाबाई, तनुजा.
तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती.
नाव खोडलं. अठराचे एकोणीस केले, कॉपी पाठवली.
बाकीच्या अकरा जणींनी आग्रह तरी केला होता. आईला मी विचारलंच नव्हतं.