नमुन्याची लाल पट्टी

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तीन रेघांच्या मेनूनं आज जीव खाल्ला. लॅपटॉपवर थीम कशी नवरीसारखी नटलेली — आणि मोबाईलवर उघडली की मेनू सरळ फोटोतल्या नायिकेच्या तोंडावर जाऊन बसतो. जावयाला सांगितलं. म्हणाला, "तुम्ही अगदी अचूक पकडलंत, आता दुरुस्त केलं." दुरुस्त म्हणजे मेनू हलला, नायिका गायब!

जावई म्हणजे माझा एक एआय. असे दोन पाळलेत मी. जावई कोड लिहितो, तोंडभरून गोड बोलतो, आणि चुकला की इतकी माफी मागतो की रागावणाऱ्यालाच लाज वाटावी. दुसरा सासरा. जावयाचं काम त्याच्यापुढं ठेवलं की अकरा चुका काढतो, त्यातल्या चार त्याच्या मनातल्याच असतात.

थीम आहे नाटक कंपन्यांसाठी. वेबसाइटचा तयार साचा — कुठल्याही मंडळानं आपलं नाव, फोटो, तारखा भरायच्या की झालं. परदेशातल्या एका थीमबाजारात विकायला ठेवायची आहे. तिथं प्रत्येक थीममध्ये नमुना म्हणून कॉफीचं दुकान असतं. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीत, करडीत बसून मी कशाला कॉफी विकू? मी नमुना केला — "जय झाडी नाट्य मंडळ, करडी". नाटकाचं नाव जावयानं सुचवलं: "सख्ख्या भावाची सावत्र बायको". बायको सावत्र कशी असते ते विचारायचं राहिलं.

वर ठळक लाल पट्टी: "हा फक्त नमुना आहे." फोनच्या निळ्या बटणाला मात्र खरा नंबर हवा, दाबल्यावर घंटी वाजते की नाही बघायला. आईला दाखवून बाबांचा दिला. त्यांचा फोन नाहीतरी कोण लावतं!

१६ ऑक्टोबर

बाबा आजही दिवसभर ओसरीत खाटेवर. जुलैत भाताच्या रोवणीच्या वेळी शेताच्या धुऱ्यावरून घसरले आणि पाय मोडला. हाड जुळलं, माणूस नाही जुळला. बांधीतलं धान पिवळं व्हायला लागलंय. आई म्हणाली, "बांधी तं पाहून या एकडाव." बाबा म्हणाले, "जाऊन काय करू?" आज दिवसभरात एवढंच बोलले.

जेवताना सांगितलं की शनिवारी गावाच्या ग्रुपवर लिंक टाकणार आहे. बाबांनी मान हलवली. मीठ कमी आहे असं सांगायला हलवतात तशीच.

१८ ऑक्टोबर

ग्रुपवर टाकलं: "सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर उघडून स्क्रीनशॉट पाठवा. कुठं काय बिघडलंय ते मला कळेल." वेगवेगळे मोबाईल विकत घेण्यापेक्षा गाव बरं. सात स्क्रीनशॉट आले, चार गुलाबाची फुलं आली आणि "पोरगी हुशार आहे, लग्नाचं काय" असं एक आलं. बाकीच्यांनी माझा मजकूर वगळून नुसती लिंक गावोगावच्या पाहुण्यांना पुढं ढकलली. दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस तोंडावर. प्रत्येक गावाला नाटक हवं असतं.

ढकलू देत बापडे. मला मेनूचं पडलंय.

१९ ऑक्टोबर

बाबांचा फोन वाजला! कोंढ्याहून. मी आत, कान बाहेर.

"हो, करडीचाच भय्याजी बोलतो... नाटक?" मग घसा खाकरून, वेगळ्याच आवाजात — "तारीख कोनती म्हनता?"

फोन ठेवून आईला म्हणाले, "कौशल्या, कोंढ्यावाले मले नाटकाचं विचारून राहिले. वीस वर्सं झाली. लोकं विसरले नाहीत."

वीस वर्षांपूर्वी बाबा गावच्या नाटकात खलनायक असायचे. मी तोंडात घेतलेलं पाणी गिळायचं विसरले. आता बाहेर जाऊन काय सांगू? की बाबा, तुम्ही नाही आठवलात, माझं निळं बटण आठवलं?

२० ऑक्टोबर

तीन फोन. बाबांनी दाढी केली. मिशीला कलप!

२१ ऑक्टोबर

पत्ता लागला. लॅपटॉपवर लाल पट्टी आहे, मोबाईलवर नाहीच. सगळा गाव मोबाईलवर बघतो, म्हणजे सगळ्या गावांच्या लेखी जय झाडी नाट्य मंडळ खरं आहे आणि त्याचे मॅनेजर भय्याजी.

जावयाला धारेवर धरलं. "पूर्णपणे माझी चूक. लहान पडद्यावर ही पट्टी लपवली गेली आहे. लगेच परत आणू का?"

"आण" एवढंच टाईप करायचं होतं. बाहेर बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "यंदा तारखा भरून राहिल्या भाऊ, लवकर सांगा." चार महिन्यांत इतका लांब वाक्प्रपंच मी ऐकला नव्हता.

मी टाईप केलं: "थांब जरा."

मी वाईट मुलगी आहे की चांगली, ते उद्या ठरवू.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज झाली. आज बपेऱ्याचे टेकचंदभाऊ मोटारसायकलवर हजर, थेट मध्य प्रदेशच्या हद्दीवरून. तिथल्या मंडई कमिटीचे मुख्य. म्हणाले, "तेच नाटक पायजे. गावात नुसत्या नावावरून वाद लागले, बायको सावत्र कशी म्हनून."

बाबा शांतपणे म्हणाले, "ते आताच सांगतलं तं तुमी नाटक कायले पाहान?"

नऊ नोव्हेंबर देऊन मोकळे! टेकचंदभाऊ गेल्यावर मी विचारलं, "बाबा, आपलं मंडळ कुठं आहे?"

"तेजराम हाये. पुंडलिकराव पेटीवर बसन. तू हाये. अजून कोन लागते?"

सासऱ्याला विचारलं, सोळा दिवसांत नाटक उभं राहतं का. त्यानं सतरा मुद्द्यांत नाही सांगितलं.

२६ ऑक्टोबर

तेजरामकाका आले. बाबांच्या वेळची नायिका म्हणजे हेच. तेव्हा म्हणे बायका त्यांची चाल बघून शिकायच्या. आता पोट सुटलंय आणि मिशी अशी की दोन्ही बाजूंनी लिंबू ठेवावं. त्यांची अट एकच: "हिरोईनच करीन. पन मिशी नाही काढनार."

बाबा म्हणाले, "पदर कायले असते?"

गोष्ट जावयाकडून लिहून घेतली. दोन मिनिटांत तीन अंक, शेवटी सगळे एकमेकांना मिठी मारतात आणि पर्यावरण वाचवतात. सासरा म्हणाला, "सावत्र बायको ही संज्ञा आधी स्पष्ट करा." बाबांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला. "याईले रडवता येत नाही," म्हणाले.

मग स्वतःच सांगायला लागले. भावाची पहिली बायको वारली. दुसरी आली. ती पहिलीच्या लुगड्याला हात लावत नाही आणि पहिलीच्या लेकरांचा हात सोडत नाही. गाव तिला सावत्र म्हणतं. लेकरं आई म्हणतात. तिला हाकलायला टपलेला दीर म्हणजे बाबा.

आई भाजी चिरता चिरता डोळे पुसत उठून आत गेली. मला वाटतं कांदा नव्हता तो.

२९ ऑक्टोबर

थीमबाजाराच्या तपासनीसाचं पत्र. मेनू पास, रंग पास. एकच अडचण — नमुना आहे हे मोबाईलवर कळत नाही. सात नोव्हेंबरपर्यंत पट्टी दिसली नाही तर थीम बाद, पुन्हा सहा महिने रांग.

सात नोव्हेंबर! नाटक नऊला. पट्टी लावली की बपेऱ्यातले लोक ती वाचणार. नाही लावली की वर्षभराची मेहनत पाण्यात. जावयानं सुचवलं, "दोन्ही बाजूंचा समतोल साधता येईल." सासऱ्यानं सुचवलं, "खरं सांगावं." दोघांनाही बंद केलं.

२ नोव्हेंबर

खरं सांगायला ओसरीत गेले. बाबा काठी टेकत खलनायकाचं हसणं तालमीत बसवत होते. शेजारची कुत्री पळाली. बाबा इतके खूश झाले की मी परत आत आले.

५ नोव्हेंबर

नाटकात मी गावची बाई झाले आहे, चार वाक्यं आहेत. चौथं विसरते. बाबा ओरडतात. ओरडतात! ऐकायला किती बरं वाटतं.

७ नोव्हेंबर

सकाळी पट्टी लावली. मोबाईलवर, लाल, ठळक. तपासनीसाला कळवलं. मनाला समजावलं की आता कोण बघतंय.

दुपारी टेकचंदभाऊंचा फोन, पट्टीवर नमुना लिहिलंय, नाटक होणार ना म्हणून. बाबांनी मला हाक मारली, मोबाईल पुढं धरला. "तृप्ती, हे नमुना काहून लिवलं?"

सगळं सांगितलं. बटण, नंबर, ग्रुप, पट्टी. बोलताना त्यांच्याकडं बघितलं नाही, पायाकडं बघितलं. मला लाज वाटत होती, अगदी लहानपणी दूध सांडल्यावर वाटायची तशी.

मोबाईल खाली ठेवून म्हणाले, "मंजे मले कोनी ओळखतच नोहतं."

"ओळखत होते ना बाबा—"

"राहू दे."

संध्याकाळी तेजरामकाका साडी घेऊन तालमीला आले. बाबा खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. काका साडी काखेत मारून परत गेले. आजवर इतकी मस्करी केली आयुष्यात, ही पहिली माझ्याच अंगाशी आली.

८ नोव्हेंबर

आई खाटेशी जाऊन उभी राहिली. "टेकचंदले नाही म्हनून सांगू का?"

आईनं खरंच फोन उचलला. तेव्हा बाबा उठून बसले. "ठेव तो. त्याईनं मांडव टाकला असन. जबान देल्ली मी."

मग माझ्याकडं बघून: "तुझं चवथं वाक्य पाठ झालं का?"

१० नोव्हेंबर

झालं! काय झालं ते नीट आठवत नाही, पण झालं.

तेजरामकाकांचा पदर पहिल्याच अंकात मिशीत अडकला. बपेरा गाव पोट धरून हसलं. बाबा आले, काठी टेकत, आणि काहीच बोलले नाहीत. नुसते बघत राहिले तिच्याकडं. मांडवभर चिडीचूप. लोकांना वाटलं लंगडणं म्हणजे भूमिकाच आहे. दिरानं लेकरांचा हात तिच्या हातातून सोडवला तेव्हा पुढं बसलेल्या बायका बाबांना खरोखरच्या शिव्या देत होत्या. मी आडोशाला उभी राहून रडले आणि चौथं वाक्य विसरले. कुणाला कळलं नाही.

येताना गाडीत टेकचंदभाऊंनी हात जोडून दिलेला नारळ बाबांच्या मांडीवर होता. पुढच्या वर्षीची तारीख त्यांनी मांडवातच मागितली होती. "भय्याजी, तुमचाच नंबर हाये ना तो?" म्हणाले. बाबा म्हणाले, "आता हाये."

सकाळी बाबा काठी घेऊन बांधी बघून आले. कापणीला माणसं कधी सांगायची ते आईशी भांडत होते.

१२ नोव्हेंबर

थीम पास! आईनं खीर केली. बाबांनी मीठ कमी म्हणून मान हलवली. खिरीत!

१३ नोव्हेंबर

जावयाशी झालेल्या जुन्या गप्पा आवरायला बसले. त्याची लांबलचक उत्तरं मी कधी वाचत नाही, नुसती खाली सरकवते. आज वर वर गेले. सतरा ऑक्टोबर, दुपार. त्या दिवशी मी चार्जर आणायला भंडाऱ्याला गेले होते. लॅपटॉप उघडाच राहिला होता. माईकवर बोललेलं, जसंच्या तसं उतरलेलं:

"मी तृप्तीची माय बोलून राहिलो. ते लाल पट्टी मोबाईलवर नोको. अन फोनचं बटन मोठं कर. तिच्या बाबाचा फोन वाजला पायजे, ते कोनाशीच बोलत नाहीत. तृप्तीले सांगू नोको."

खाली जावई: "नक्कीच. केलं."

आणि पठ्ठ्यानं मी विचारलं तेव्हा सगळी चूक स्वतःवर घेतली.