पाऊण मीटरची लाल चिंधी

प्रिय शंकरमामा,

काल अकोल्यात, मोर्णेच्या काठावर, दुपारी चार वाजता सुधाकरने घणाचा दोर सोडून दिला. "साहेब, हात भरून आले. आता मोजान तो आकडा खोटा यीन."

मी ओरडायला तोंड उघडलंच होतं. पण तो पुढे बोलला, "शंकरमामाचा खांदा तीन साल दुखून राहिला होता. तुमाले कोन सांगन? सांगतलं असतं तं तुमी दोर काढून घेतला असता."

म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, मामा, आणि मला हे काल कळतं!

दहावी नापास झाल्यावर नांदगाव खंडेश्वरहून मला अमरावतीला तुम्हीच आणलं. इमारतीच्या पायाआधी दोराने घण ओढून-सोडून जमिनीत नळी ठोकायची आणि ठोक्यांवरून माती किती दम धरते ते मोजायचं, हे काम तेव्हा मला खुळेपणाचं वाटलं होतं. तुम्ही चिमूटभर माती दाताखाली धरायचे आणि थुंकून सांगायचे, "कचकच लागली. रेती हाय." बाकीचं मी पुस्तकांच्या झेरॉक्स वाचून वाचून शिकलो. कोणत्याच कॉलेजने शिकवलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

घण टांगायचा स्वतःचा तिपाई सांगाडा घेतला तेव्हा आपला घण बाजार समितीच्या काट्यावर नेला होता, आठवतं? साडेत्रेसष्ट किलो पाहिजे, भरला त्रेसष्ट किलो दोनशे. मी तीनशे ग्रॅमची कडी वेल्डिंग करून घेतली. तुम्ही अडत्यांना ओरडून सांगत होते, "लोकं तूर मोजून राहिले, आमचा भाचा लोखंड मोजते!" काय हसले होते सगळे!

घण मोजला मी. तुमचा खांदा नाही पाहिला.

आणि ती शाळेच्या नव्या इमारतीची जागा आठवते? तिथे तुम्ही आणि सुधाकर दोरावर होते. संध्याकाळचे पाच, तिसरा बोअर, खोली साडेचार मीटर. पहिल्या पंधरा सेंटिमीटरचे ठोके सोडले, पुढच्या तीसचे मोजले. बारा. मी खूश झालो, काळ्या मातीखाली चांगली जमीन लागली म्हणून. लगेच इंजिनिअरला फोनही केला. माझी नजर नळीवरच्या खडूच्या खुणांवर होती. घण दरवेळी पाऊण मीटर वर जातो की नाही, तिकडे मी मान वर करून पाहिलंच नाही.

सकाळी चहाच्या टपरीवर तुम्ही आले. "भाचेबुवा, कालचा आकडा खोडा."

"काहून?"

"घन पुरा वर जाऊन नोयता राहिला. माह्याकून ढिलाई झाली."

घण कमी उंचीवरून पडला की ठोके जास्त लागतात, आणि कच्ची जमीन पक्की दिसते. मीटरभर बाजूला पुन्हा बोअर घेतला, अख्खा दिवस गेला. त्याच खोलीवर सात आला. सात! त्या बाराच्या भरवशावर पाया पडला असता आणि वर लेकरांचे वर्ग बसले असते.

मी तुमच्या पाया पडायला पाहिजे होतं. मी चारचौघांत म्हणालो, "मामा, पगार दोर ओढायचा घेता, झोपा काढायचा नाही." दोर काढला आणि तुम्हाला मातीच्या पिशव्यांना चिठ्ठ्या बांधायला बसवलं. शेवटपर्यंत.

तुम्ही आपला लाल रुमाल फाडला आणि घणाच्या दांडीवर पाऊण मीटरच्या खुणेला चिंधी बांधून दिली, सगळ्यांना दुरून दिसावी म्हणून. मी मागून टेप लावून पाहिला होता. सूतभरही चुकली नव्हती.

मामा, खांदा दुखतो एवढं का नाही म्हणाले? आळशी म्हणवून घेणं सोपं वाटलं? खरं सांगतो, दोर मी तरीही काढलाच असता. पण तसा नसता काढला. घरी येऊन, मामीसमोर, तुमच्या शेजारी बसून काढला असता.

काल मी चारलाच काम बंद केलं. आज सकाळी ताज्या हातांनी ठोके घेतले. सहा आला. सुधाकर म्हणाला, "आता हा आकडा खरा." चिंधी पार विटली आहे. तुमचा उरलेला रुमाल मामीकडून मागून आणीन.

दुपारी त्या शाळेच्या कामाची जुनी वही काढली. खोडलेल्या बारासमोर माझ्याच अक्षरात शेरा आहे : "मजुराची हलगर्जी." आपली पद्धत तुम्हाला माहीत आहे. खोडायचं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. तशीच रेघ मारली आणि लिहिलं : "चूक शंकरमामांनी स्वतः दाखवली. मला दिसली नव्हती." खाली सही केली.

आता शब्द देतो. यापुढे माझ्या वहीत प्रत्येक आकड्याशेजारी दोरावर कोण होतं त्याचं नाव राहील. आणि पहिला ठोका पडण्याआधी मी वहीत पाहणार नाही. दोरावरच्या माणसाकडे पाहीन आणि विचारीन, "हात कसा आहे?"

तुम्हाला हे एकदाही न विचारणारा
तुमचा भाचा,
प्रकाश