वास येऊ नये म्हणून

दि. ४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाबांचं पोट आता रोजच दुखतं. सकाळी ओकाऱ्या येतात, जेवण जात नाही. पंधरा तारखेला, सोमवारी, दवाखान्यात नेतो आहे. काळजी एकच, पिण्याचं विचारलं तर काय सांगू? सकाळी थोडी घेतल्याशिवाय त्यांचा हात स्थिर राहत नाही, हे आपल्या दोघांनाच ठाऊक. बाहेर कळलं तर सलूनमध्ये बाबांना गळ्याला वस्तरा कोण लावू देईल? लगेच कळव.

तुझा,
धाकटा

दि. ९ जून

चि. धाकट्यास, अ. आ.

तू आधी घाबरतोस आणि मग विचार करतोस, लहानपणापासून असाच! डॉक्टर काही मनकवडे नसतात. पत्र मिळताच बाटली कुलपात घाल, बाबांना थेंबही देऊ नकोस. सोमवारपर्यंत वास जाईल. इस्त्रीचा शर्ट आणि गुळगुळीत दाढी असली की कोण कशाला विचारतंय? स्वतः नीट जेव.

तुझी,
ताई

दि. १८ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळं तू सांगितल्याप्रमाणे केलं. बाबाही मुकाट्याने कबूल झाले. वास अजिबात नव्हता. पण त्या सकाळी दाढी करताना त्यांनी हनुवटी तीनदा कापून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी कामधंदा विचारला. सलून आहे म्हटल्यावर त्या हनुवटीकडे बघत राहिल्या. मग हात पुढे धरायला लावले. बोटं थरथरत होती, पंख्याखालीही घाम. भूक विचारावी इतक्या सहज त्यांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? मी घाईने म्हणालो की बाबा पीतच नाहीत. तर बाबाच म्हणाले, माझ्यापायी पोरगा खोटं बोलायला लागला. शुक्रवारी घेतली, मग यानं कुलूप लावलं.

बाई रागावल्या नाहीत. रोज पिणाऱ्याची अशी एकदम तोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो, म्हणाल्या. सोडवायची ती औषधं देऊन, आमच्या नजरेखाली. लगेच भरती केलं. आता बरे आहेत, काल पेज मागून घेतली. तू मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याला दोघांनाही वासाचीच भीती होती.

काल वॉर्डात मी त्यांची दाढी केली. माझाच हात थरथरायला लागला. बाबांनी मनगट धरलं आणि म्हणाले की गिऱ्हाईक घाबरलं तर चालतं रे, वस्तरा घाबरून चालत नाही. त्यांचाही हात अजून थरथरतच होता. तरी कुठे कापलं नाही.

रविवारी ये. आहे तो लोभ तसाच राहू दे.

तुझा,
धाकटा