तीन धुण्यांचा टॉवेल

४ जानेवारी
आमच्या दुकानासाठी टॉवेल-चादरी खरेदी करणारा बायर नोकरी सोडून समोरच्या दुकानात गेला. केबिन रिकामी. इतकी वर्षं मी त्याचा असिस्टंट, म्हणजे साहजिकच माझा नंबर. पण नाही! खरेदीच्या हेड मॅडम म्हणाल्या, या सीझनला टॉवेल तू घे, चादरी ती घेईल. ज्याचा माल चांगला जाईल त्याला केबिन. ती म्हणजे शेजारच्या टेबलावरची दुसरी असिस्टंट. पर्समध्ये मोजपट्टी बाळगते. मी तिला मोजपट्टीच म्हणतो. मनात.
संकल्प : केबिन मिळवायची. आणि या वर्षी चिडायचं नाही.

४ जानेवारी, संध्याकाळी
चिडलो. केबिनमधली फिरती खुर्ची अकाउंट्सवाल्यांनी पळवली होती. भांडून परत आणली. बसून पाहिली. माझ्याच मापाची आहे.

११ जानेवारी
सप्लायर सॅम्पल घेऊन आला. बारा टॉवेल. अकरा भिकार. बारावा लाल, जाड, लोण्यासारखा. हात फिरवला आणि आतून आवाज आला, हाच. खरा बायर बोटांनी खरेदी करतो. मोजपट्टी कापड काट्यावर तोलत बसते, कांदे-बटाटे घ्यायला आल्यासारखी.
मॅडमचं नेहमीचं पालुपद : सॅम्पल घरी ने, तीनदा धू, मग बोल. नव्या मालाला कारखान्यात सॉफ्टनर चोपडलेला असतो म्हणे. तो निघाल्याशिवाय टॉवेल कळत नाही. अहो, असिस्टंट म्हणून आजवर दुसऱ्यांचे टॉवेल मीच धुतले ना? आता बायर होणार, तरी माझ्या नशिबी बादलीच? डोकं सणकलं. हो म्हणालो.

१७ जानेवारी, रविवार
बायकोने सॅम्पल मशीनमध्ये टाकायला काढलं. हातातून हिसकावून घेतलं. लाखमोलाची वस्तू पोरांच्या मोज्यांबरोबर धुणार? ती म्हणाली, मग वेगळा धू, हात आहेत ना. या घरात माझ्या करिअरचं कोणाला काही पडलेलंच नाही. निषेध म्हणून दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षातच आलं नाही.

१८ जानेवारी, सकाळी
तोडगा सापडला. तीनदा तोंड धुतलं, तीनदा त्याच टॉवेलने पुसलं. साबण आला, पाणी आलं, टॉवेल आला. आणखी काय हवं? तोंड मात्र ओलंच राहिलं. उंची माल आहे, आल्यागेल्या पाण्याला लगेच आत घेत नाही.

१८ जानेवारी, दुपारी
मॅडमनी विचारलं. तीनदा, म्हणालो. यात खोटं काय?
मोजपट्टीची चादर धुतल्यावर आखडली. तर बाई स्वतःच उठून मॅडमना सांगून आल्या, आणि आता सगळा लॉट वीतभर लांब कापून घेणार आहेत. आपल्याच मालातली खोट आपल्याच तोंडाने! हिला केबिन नको असावी.

२ फेब्रुवारी
ऑर्डर दिली. मॅडम म्हणत होत्या, थोडे पांढरे घे, थोडे निळे घे. टेबलावर मूठ आपटून सांगितलं असतं की धंद्याला छाती लागते. प्रत्यक्षात, बघतो मॅडम, म्हणालो आणि तळघर भरेल इतके लाल मागवले.

२१ फेब्रुवारी
सासरे राहायला आलेत. बायकोने मुद्दाम त्यांना तोच टॉवेल दिला. बाथरूममधून बाहेर आले ते दाढी गुलाबी, बनियन गुलाबी, पाठीवर लाल लव. जावईबापू, पुसून आलो की रंगवून आलो, असं विचारत होते. तरी टपटप गळतच होते.
बायको म्हणाली, कारखान्यातून अजून माल निघाला नसेल, मॅडमना फोन करून खरं सांग. माझ्या वाईटावर टपूनच बसलेत सगळे! बनियनचं कापड हलकं असलं की असं होतं, एवढंच सांगितलं आणि खोलीचं दार आपटलं. बोट चेमटलं. त्यालाही तीच जबाबदार.

२० मार्च
माल लागला! तळमजल्यावर लाल भिंत. गिऱ्हाईक हात लावतं आणि घेऊनच जातं. शेवटी बोटं कोणाची? मोजपट्टीच्या चादरी आपल्या हळूहळू जाताहेत.
केबिनच्या दारावर नावाची पाटी पितळी हवी. प्लॅस्टिकची खपवून घेणार नाही.

२३ मार्च
रिटर्न काउंटरवर रांग. एक बाई गुलाबी कुत्रा घेऊन आल्या. मूळचा पांढरा होता म्हणे. कुत्र्याला पुसायला सांगितलं कोणी? एका गृहस्थांची तक्रार, अंग कोरडं होत नाही, पाणी नुसतं इकडचं तिकडे जातं. लोकांना साधं अंग पुसता येत नाही आणि खापर माझ्यावर. काउंटरवरच्या मुलीला झापलं. तिने नाकावरची लाल लव झटकली आणि पुढच्याला हाक मारली.

२५ मार्च
मॅडमनी बोलावलं. टेबलावर माझा टॉवेल. त्यांनी ग्लासातलं पाणी त्यावर ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन वरच बसलं, मग घरंगळत माझ्या पँटवर आलं.
"खरं सांग, किती वेळा धुतलास?"
तीनदा म्हणायला तोंड उघडलं. आणि पँटच झटकत बसलो.
मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मलाही आवाज चढवता आला असता. "नुसता टॉवेल चुकला असता तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते," म्हणाल्या.
केबिन मोजपट्टीला. तिची एकही चादर परत आली नाही. धुतल्यावर बरोब्बर गादीच्या मापाला येतात. याला म्हणतात राजकारण.
मला शिक्षा : परत आलेला आणि उरलेला सगळा माल तळघरातल्या मशीनवर तीनदा धुवायचा, मग निम्म्या किमतीत विकायचा.

२ एप्रिल
तळघर. पहिल्या धुण्याला पाणी लालभडक. सगळ्यांना शिव्या घातल्या. दुसऱ्याला गुलाबी, जाळीत लवेचा गोळा. मशीनला लाथ घातली. तिसऱ्याला पाणी स्वच्छ.
वाळल्यावर एक हातात घेतला. रंग पक्का. लव नाही. वर पाणी ओतलं. गडप. आणखी ओतलं. गडप. टॉवेल उत्तम आहे. बारांतला खरोखरच हाच. 'तीनदा धुऊन मग वापरा' एवढी चिठ्ठी लावली असती, तर आज त्या खुर्चीत मी असतो. पण ते कळायला तीनदा धुवायला हवा होता.
असा काही संताप आला! कोणाला धरावं म्हणून एकेकाला आठवलं. मॅडम, मोजपट्टी, सप्लायर, बायको, सासरे, तो कुत्रासुद्धा. एकही बसेना. सगळे सुटत गेले आणि मी एकटाच उरलो.
मशीन थांबलं होतं. आसपास कोणी नव्हतं. डोळे, नाक, सगळं तोंड त्याच टॉवेलने पुसलं.
लगेच कोरडं झालं.