बुधवारच्या वाचनातली माझी खुर्ची

मी, खाली सही करणारा, ज्याला या गल्लीत सगळे भटक्या म्हणतात, डोकं ठिकाणावर आणि पोट भरलेलं असताना हे मृत्युपत्र लिहितो आहे. मला कुणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. उलट बेकरीवाल्या मावशी, ज्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहतो, दारात येऊन म्हणाल्या, "असलं अभद्र लिहीत बसण्यापेक्षा पिठाची पोती उचल." डॉक्टरांनी पोती उचलणं बंद केलं आहे हे त्या सोयीने विसरतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा जुनं रद्द करायचा प्रश्न नाही.

कारण असं की सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप दुरुस्त होणार आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, पण कागद तयार असलेला बरा. घड्याळवाले काका, म्हणजे समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे, म्हणाले, "दुरुस्तीच्या वेळी बंद ठेवतात का रे?" मी म्हटलं, ठेवतात थोडा वेळ. "मग भिऊ नकोस. चालू घड्याळात हात घालणारेच वाट लावतात." तेव्हापासून मला झोप चांगली लागते.

कलम पहिले. घर मला नाही. खोली मावशींची आहे. जो कोणी नंतर राहील त्याने खिडकी आधी वर उचलावी आणि मग ढकलावी. नुसती ढकलली तर ती रुसते.

कलम दुसरे. सायकल माझ्या थोरल्या भावाला. दादा, बंदरावरच्या क्रेनमध्ये बसून तू म्हणाला होतास की या खटाऱ्यावर मी पुलापर्यंतसुद्धा पोचणार नाही. पूल केव्हाच मागे पडला. आता तूच ती चालवायचीस, भंगारात घालायची नाहीस, आणि एकदा तरी पूल ओलांडून बघायचास. मागचा ब्रेक लागत नाही, पाय वापर. बाबांना सांग, मी उपाशी कुठेच झोपलो नाही.

कलम तिसरे. रंगाचे ब्रश आणि पत्रा कापायची कात्री पाळकसाहेबांना, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या दाराला अखेर रंग लागेल. शाळेतल्या मास्तरांबद्दलचा राग कुणालाच देत नाही. "तुझ्या बुडाला काटे आहेत," असं ते साऱ्या वर्गासमोर म्हणाले होते. काटे खरोखरच होते. राग इथेच संपला असं समजावं.

कलम चौथे. हे मुख्य आहे, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

मी गावोगाव फिरलो. कुठे कुंपणं रंगवली, कुठे फळांच्या पेट्या भरल्या. रविवारी नव्या गावात कोण ओळखीचं असणार, म्हणून उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसायचो. तिथे ऊब असते आणि नंतर चहा मिळतो. एका गावी वाचन ऐकलं की एका पोराने गोफणीने डोंगराएवढा माणूस पाडला. पुढच्या रविवारी मी दुसऱ्याच गावात, तर तिथे तेच पोर मोठं होऊन मेलेल्या मित्रासाठी रडत होतं. मला कळेना, मी येणार हे यांना कुणी कळवलं? मग एका म्हाताऱ्या वाचकाने सांगितलं की पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, उतारे आठवड्यांना वाटून दिलेले असतात, आणि असंख्य ठिकाणी त्या रविवारी तोच उतारा वाचतात. फेरा पुरा व्हायला तीन वर्षं लागतात. तेव्हापासून मी कुठेही गेलो तरी गोष्ट माझ्यासाठी थांबलेली असायची. मधले तुकडे निसटले, ते निसटले. घर म्हणतात ते असंच काहीतरी असावं, असं मला वाटतं. पण भरकटलो.

या गावात बुधवारी दुपारनंतर, बेकरीच्या मागच्या खोलीत येत्या रविवारचा उतारा आधी वाचतात. टेबलाभोवती खुर्च्या आहेत. वाचनाचा नंबर खुर्चीप्रमाणे फिरतो. ज्याचा नंबर त्याने वाचायचं आणि वाचून झाल्यावर मनात आलेलं पहिलं त्यानेच बोलायचं, पाळकसाहेबांनीसुद्धा त्याच्या आधी तोंड उघडायचं नाही. मी आलो त्या दिवशी एक खुर्ची रिकामी होती. तीत बसलो आणि नंबर माझ्यावर आला. अनोळखी माणसाला लगेच वाचायला मिळालं.

मावशींना मात्र कधीच मिळालेलं नाही. त्यांना खुर्चीच नाही. खोली त्यांची, किटली त्यांची, पाव त्यांचा, आणि त्या कायम उभ्या. नंबर त्यांना टाळून पुढे जातो, आणि यात कुणाच्या मनात वाईट नाही. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्या दारातून ऐकतात. मला माहीत आहे, कारण वर येताना जिन्यात त्या माझ्याशी उताऱ्यावरून भांडतात.

या रविवारी मार्था आणि मरीयेचा उतारा आहे. पाहुणा घरी येतो, एक बहीण, मरीया, त्याच्या पायाशी बसून ऐकते, दुसरी, मार्था, कामाने मेटाकुटीला येते आणि तक्रार करते, तर पाहुणा बसलेलीची बाजू घेतो. तीन वर्षांपूर्वी हा उतारा झाला तेव्हा, काका सांगतात, मावशींनी किटली अशी आपटली की तिला अजून पोचा आहे.

म्हणून माझी खुर्ची आणि तिच्याबरोबर येणारा वाचनाचा नंबर मी मावशींना देतो. येत्या बुधवारी नंबर माझाच आहे.

हे त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला रे खुर्ची? मी साक्षीदार म्हणून सही करते." मी सांगितलं, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असा कायदा आहे.

"मग माझं नाव काढ. सही करते आणि मोकळी होते."

"नाव नाही काढणार."

"मी बसले तर पाव कोण बघणार? तुझे काका?"

काका तिथेच होते. म्हणाले, "बघतो की."

"तुम्हाला भट्टी आणि कपाट यातला फरक कळतो का?"

"एक गरम असतं," काका म्हणाले.

मावशी पीठ मळायला गेल्या. हो की नाही, ते कळलं नाही.

कलम पाचवे. सोमवारी मला काही झालं आणि मग खुर्ची मिळाली, तर उतारा निघून गेलेला असेल, आणि परत यायला तीन वर्षं लागतील. म्हणून चौथं कलम मी जिवंत असतानाच, याच बुधवारपासून लागू आहे. वकिलाचे कारकून म्हणाले की असं मृत्युपत्र नसतं. नसू दे.

कलम सहावे. हे बुधवारी, वाचन झाल्यावर लिहितो आहे.

मावशी आल्या तेव्हा हातात किटली होतीच. मी खुर्चीमागे उभा राहिलो. काकांनी उठून त्यांच्या हातातून किटली काढून घेतली, म्हणजे जवळजवळ ओढलीच. मग त्या बसल्या, टोकावर, बस थांब्यावर बसतात तशा. चष्मा लावला आणि वाचलं. आवाज खणखणीत होता, भट्टीपुढे ओरडून कमावलेला. पाहुणा मार्थाचं नाव घेतो तिथे थांबल्या. बोट ठेवून पुन्हा तेवढंच वाचलं आणि शेवटपर्यंत गेल्या. मला वाटलं आता पुस्तक आपटणार.

मनात आलेलं पहिलं त्यांनीच बोलायचं होतं. म्हणाल्या, "दोनदा हाक मारली आहे त्याने तिला. एकदा नाही." मग म्हणाल्या, "रागावले तर मी एकदाच नाव घेते, तेवढं पुरतं. पोर भट्टीकडे धावलं की दोनदा घेते." पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मावशी म्हणाल्या, "पण त्या दिवशी जेवण कुणी केलं, ते लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं." सगळे हसले, त्यासुद्धा.

काकांचा चहा कडू झाला आणि पावाची एक बाजू काळी पडली. मावशींनी पाहिलं, पण उठल्या नाहीत.

खुर्ची आता त्यांची आहे. सोमवारनंतर मी परत आलो तरी ती परत मागणार नाही. मी किटलीजवळ उभा राहीन, तिथूनही ऐकू येतं.

ठिकाण: बेकरीची मागची खोली. तारीख: मार्था आणि मरीयेच्या रविवारआधीचा बुधवार.

सही: भटक्या (खरं नाव पाकिटावर आहे)

आमच्यादेखत त्याने सही केली आणि त्याच्यादेखत आम्ही. आम्हा दोघांना यातून काहीही मिळत नाही. दाराच्या रंगाचं आम्ही बघून घेऊ, ब्रश आणि कात्री मंडळीच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, नावे लिहावीत.

साक्षीदार: घड्याळवाले काका. (चहा इतका वाईट नव्हता.)

साक्षीदार: पाळक.

खाली मावशींच्या अक्षरात, त्यांना इथे लिहायचा अधिकार नसताना: पुढच्या बुधवारी उतारा कोणता आहे ते कुणीतरी मला आजच सांगा. मला आधी एकदा वाचून ठेवायचा आहे.