राखमानीच्या अकरा अंड्यांची सोय

दिनांक १४ मार्च २०३४, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. अकरा अंडी आत्ताच उलटवली. सगळ्यांवर खुणेसाठी काढलेल्या फुल्या खाली गेल्या आणि दुसऱ्या बाजूचे गोल वर आले, हे दोनदा तपासले आणि उबवणी यंत्राशेजारच्या स्टुलावर बसून हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी, वय चोवीस, शिक्षण आठवी, काम अंडी उबवणे, हे कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. ते काळजी फार करते, पण ती सवय जुनी आहे. परवा माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "अहो, दाढ काढण्यासारखं आहे." माझी दाढ काढली तेव्हा दोन दिवस रक्त थांबले नव्हते, म्हणून हा दस्त.

कलम १. बँकेतील सर्व शिल्लक आणि लोखंडी कपाट माझ्या आत्याला. मला जन्म देणारी बाराव्या दिवशी गेली. आत्याने शिवणयंत्र थांबवून मला उचलले. "ते जे उचललं, ते सातवीपर्यंत खाली ठेवलं नाही," असे ती सांगते. पैशांतून तिने आधी चष्मा करावा. कोणालाही उसने देऊ नयेत.

कलम २. सायकल, पंपासह, आतेभावाला. शब्दकोशही त्यालाच. तो मला 'आठवी पास शास्त्रज्ञ' म्हणतो, पण त्याच्या मागच्या चिठ्ठीत चार चुका होत्या.

कलम ३. ज्या हॅचरीत मी आधी होतो, तिच्या मालकाला काही नाही. नर पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी काढून टाकायचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी माझा हात उचलेना. त्यांनी सात दिवसांचा पगार कापला. पगाराचे मी सोडून दिले. पिल्लांचे सोडलेले नाही.

कलम ४. माझी काळी कोंबडी या प्रयोगशाळेच्या संशोधक बाईंना. याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

राखमानी हा जमिनीवर राहणारा पक्षी नव्वद वर्षांपूर्वी संपला. माणसांनीच मारून संपवला. पेंढा भरलेल्या एका जुन्या राखमानीच्या कातडीतून बाईंनी जनुके मिळवली आणि तो परत आणला. आत्याला हे पटत नाही. ती म्हणते, "गेलेल्याला जाऊ द्यावं रे. त्याचं ना रान उरलं, ना गणगोत. कसं जगायचं ते त्याला शिकवणार कोण?" मी हे बाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "रान आपण लावतोय. आणि जगणं त्याच्या रक्तात असतं."

मागच्या वर्षी पहिली नऊ अंडी यंत्रात होती आणि बाई तीन आठवडे बाहेरगावी होत्या. त्या गेल्या त्याच दिवशी भर दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईना. अंडी हाताला गार लागू लागली. माझी काळी तेव्हा घरी खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, बसली होती. मी धावत जाऊन तिला टोपलीत घालून आणले. पिल्लांना दुसरा पक्षी दिसता कामा नये असा इथला पहिला नियम आहे. तो मी मोडला. पहारेकरीकाका दारात उभे राहून म्हणाले, "हिला डिझेल लागत नाही, हे बरंय." वीज आली तरी मी काळीला उठवले नाही, आणि दोन दिवसांत सहा पिल्ले निघाली. बाई यायच्या आदल्या दिवशी तिला घरी नेले आणि नोंदवहीत काही लिहिले नाही.

अंगणात घार दिसली की काळी एक विशिष्ट आवाज काढायची आणि सहाही पिल्ले गवतात चपटी व्हायची. पुढे बाईंनी पाहिले की सावली पडताच ती दडतात. त्यांनी अहवालात लिहिले की हे जन्मजात आहे. कदाचित असेलही. मला माहीत नाही. पण बाईंनाही माहीत नाही, आणि माहीत आहे असे लिहिले गेले आहे. त्या आधारावर ही अकरा पिल्ले, नऊ दिवसांनी निघतील ती, आठव्या दिवशी एकटी कुरणात सोडायचे ठरले आहे. वर घारी आहेत.

राखमानीला परत आणले यात मला चूक दिसत नाही. मलाही दुसऱ्याच कोणीतरी वाढवले आहे आणि माझे बरे चालले आहे. पण आणायचे तर वाढवणारे कोणीतरी हवे. म्हणून काळी बाईंना. ऑपरेशनातून उठलो तर स्वतः सांगेन, असे लिहिणार होतो. पण मी स्वतःला ओळखतो, आणि मला ही नोकरी हवी आहे.

वेळ अकरा पाच. साक्षीसाठी पहारेकरीकाकांना बोलावले. ज्याला काही मिळणार त्याची साक्ष चालत नाही, असे दस्तलेखकाने सांगितले होते, ते त्यांना सांगितले.

"म्हणजे मला काहीच नाही? मग सही कशाला करू?"

"काका, तुम्हाला दिलं असतं तर सही करता आली नसती."

"वा! शहाणाच आहेस," असे म्हणून त्यांनी दुसरा साक्षीदार म्हणून सरळ बाईंनाच हाक मारली. मी नको नको म्हणेपर्यंत त्या आत आल्या होत्या.

"न वाचता मी सही करत नाही," म्हणाल्या. उभ्यानेच वाचले. मी यंत्राच्या काट्याकडे बघत होतो.

"तीन आठवडे कोंबडी होती? अहो, पिल्लांच्या त्या दडण्यावर मी सहा पानं लिहिलीत!"

त्यांनी कलम ४ पुन्हा वाचले.

"कोंबडी कुठंय आत्ता?"

"घरी. पुन्हा खुडूक आहे. आत्याच्या शिवणयंत्राखाली बसलीय."

"मग आत्ताच आणा ना. मेल्यावर कशाला?"

"आणि माझं काम?"

"ते नंतर बघू. आज नोंदवहीत सगळं लिहून काढा, तारखांसकट. मला अहवाल मागं घ्यावा लागेल. आणि परवा जिवंत या, नऊ दिवसांत मला दुसरा माणूस कुठून मिळणार?"

कलम ४ खोडले आहे. सदर कोंबडी दुपारी बारा वाजता हयातीतच सुपूर्द केली, त्यामुळे ती आता माझ्या मालमत्तेत नाही आणि बाईंच्या साक्षीला हरकत उरलेली नाही. खोडाखोड माझीच. बाकी कलमे कायम.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि खालील दोघांसमोर सही केली.

ठिकाण: उबवणी खोली
दिनांक: १४ मार्च २०३४, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे

लिहून देणार: उबवणी मदतनीस (सही)
साक्षीदार १: पहारेकरी (सही, तक्रारीसह)
साक्षीदार २: संशोधक बाई (सही वाकडी आली आहे, कारण एका हातात टोपली होती आणि काळी आत बसायला तयार नव्हती)