न तापवलेला नमुना

प्रिय लेशेक,

तुझं पत्र मिळालं आणि त्याच आठवड्यात पासपोर्टही मिळाला. सरकार कुणाला सहज देशाबाहेर सोडत नाही, म्हणून आमच्या तोरुनमध्ये याला चमत्कार म्हणतात. स्टेफानियाबाईंनी प्रयोगशाळेची फरशी पुसता पुसता सगळ्यांना ऐकवलं, "चालली ही ऑस्ट्रेलियाला, आपल्या लेशेककडे. आता काचा कोण घासणार? मी?" सगळे हसले, मीही हसले. त्यांना काय सांगणार होते मी?

मखमल अजून तीच आहे, आईच्या जुन्या कोटाच्या कॉलरची. काचेवर एकाच दिशेने ओढायची, उलटी फिरवायची नाही, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेल्या द्रवाचे रेणू त्या दिशेने रांगेत उभे राहतात. तू म्हणायचास, "लुद्विका, तुला मटणाच्या दुकानापुढे उभी केली तर ती रांगसुद्धा सरळ होईल." काचा घासताना हे आठवतं आणि मी चिडते. तू गेलास, विनोद तेवढा माझ्या गळ्यात टाकून गेलास.

या हिवाळ्यात मी आपला नमुना नव्याने मोजला. रांगेत चिमूटभर रंग, त्यावर एका दिशेचा प्रकाश, आणि रंगाचा रेणू चमकून विझेपर्यंत किती वळला ते बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून ओळखायचं. सगळं तेच, तसंच. एवढ्या दाटीतही आपला रेणू मोकळेपणाने वळतो, असं आपण छापलं होतं. त्यावर तर तुला तिकडे बोलावणं आलं. लेशेक, तो वळत नाही. जागच्या जागी थरथरतो, इतकंच.

आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग प्रोफेसर व्हिर्स्कींनी सिगरेट विझवत सहज विचारलं, "काय गं, यंत्राचा कल काढताना त्याने नमुना तापवला होता ना?" यंत्राला एका दिशेचा प्रकाश जरा जास्त दिसतो, म्हणून आधी नमुना तापवून रांग मोडायची, यंत्राचा कल मोजायचा आणि मग नमुना थंड करून खरी मोजणी करायची. हे तर आपण नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. रांग तशीच ठेवली तर रांगेचा कल यंत्राच्या नावावर जमा होतो आणि पुढचं सगळं खोटं ठरतं. तू तो कल काढलास तेव्हा आपला हीटर जळालेला होता. नवी तार मिळाली तेव्हा तू विमानात होतास.

घाई झाली असेल, विसरला असशील, असंच मी धरून चालले. तसं तुला लिहिलंही, जपून, तुला लागू नये म्हणून दोनदा खोडून. त्यावर तुझं हे उत्तर. समुद्राजवळचं भाड्याचं घर, खिडकीखालचं लिंबाचं झाड, आणि मध्येच, "मला ठाऊक होतं. पण आता इथली सगळी प्रयोगशाळा त्यावर उभी आहे, तुझी जागाही त्यावरच मंजूर झालीय. त्याच मोजणीवरच्या दुसऱ्या लेखावर सही कर आणि ये. इथे कोण तापवून बघतंय?"

मी सही केली नाही. काल प्रोफेसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, हे दार पुन्हा उघडायचं नाही, बघ हो." तरी आपला पहिला लेख मागे घेतोय, असं त्यांनी मासिकाला कळवलं. खाली माझं नाव आहे. तुझी नोकरी बहुधा जाईल. माझी तर मिळण्याआधीच गेली. पासपोर्ट परत करायचा आहे. आता इथे छापण्याजोगं नवं काही हाती नाही आणि मला पुन्हा कुणी बाहेर सोडणारही नाही, हे मला कळतं. मी येत नाही, एवढंच सांगायला हे पत्र लिहायला बसले होते. पण खरं कारण नोकरी नाही, लेशेक. तू नुसता चुकला असतास, तर मी तुझ्याकडे बिननोकरीचीही आले असते.

तुझी होते ती,
लुद्विका